तुळशीराम उस्तादांची हातांची वही

‘‘तुळशीराम उस्ताद माणूस चांगला होता, पण अखेर अखेर त्याचं डोस्कं फिरलं. मर्द माणसाले रिव्हॉल्व्हर दाखवे अन् बाईले पिस्तूल देऊन बसे. शेवटी पोलिसायले त्याचंच हत्यार काढून घ्या लागलं.’’

हे उद्गार डोणगावचे अडते प्रल्हादराव यांचे. मेहकरात उस्तादांची शोकसभा झाली तेव्हा हार घातलेल्या तसबिरीशेजारी उभे राहून त्यांनी ते काढले आणि समोर बसलेल्या तीस-चाळीस माणसांनी माना डोलावल्या. कोणीतरी ते भाषण मोबाइलवर टिपून घेतले. आता ते गावोगाव फिरते आहे. परवा माझ्या पुण्याच्या नातवाने फोन करून विचारले, ‘‘आजोबा, तुमच्या त्या उस्तादांना पोलिसांनी पकडलं होतं का?’’

माझे वय एक्क्याऐंशी आहे. तहसील कचेरीत शस्त्र परवान्यांच्या टेबलावर मी अठरा वर्षे बसलो. उस्तादांना मी त्यांच्या दुकानात, पोलीस ठाण्यात आणि माझ्या स्वतःच्या ओसरीवर पाहिले आहे. तेव्हा प्रल्हादरावांच्या भाषणापैकी ‘माणूस चांगला होता’ हे तीन शब्द मला मान्य आहेत. उरलेले सर्व मी नाकारतो, आणि कशाच्या आधारावर नाकारतो ते पुढे सांगतो.

उस्ताद पोलिसांच्या शस्त्रागारात दुरुस्तीचे काम करीत. निवृत्तीनंतर त्यांनी रीतसर परवाना काढून मेहकरात शस्त्रांचे दुकान थाटले. दुकान कसले, दहा फूट रुंदीची एक खोली. दर्शनी भागात एकही हत्यार नसे. एक टेबल, दोन लोखंडी खुर्च्या, भिंतीशी वाळूने भरलेली लाकडी पेटी, आणि टेबलावर बदामी कागदाची जाड शिवलेली वही. नवखा माणूस आत येऊन इकडेतिकडे पाही आणि आपण चुकून वकिलाकडे आलो की काय, असे त्याला वाटे.

त्यांची एक सवय ज्याने पाहिली तो विसरला नसेल. हातात काहीही असो, त्यांची तर्जनी त्या वस्तूच्या कडेने सरळ ताठ असायची. चहाची कपबशी, छत्री, लग्नाच्या पंगतीतला पाण्याचा पेला. चार बोटांनी वस्तू धरायची आणि पाचवे बोट बाजूला, रेघ ओढल्यासारखे. एकदा मी हसून विचारले, तेव्हा म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, हे बोट लय घातकी. त्याले कामाशिवाय वाकू देऊ नये.’’ आणि कोणाकडे निर्देश करायचा झाल्यास ते पूर्ण तळवा पुढे करीत. चाळीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी एकाही माणसाकडे बोट दाखवलेले मला आठवत नाही. त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

गिऱ्हाईक परवाना घेऊन आले की त्याची अपेक्षा असे, आता कपाटातून मखमलीच्या डब्या निघतील. उस्ताद आधी त्याचा उजवा हात वहीच्या कोऱ्या पानावर ठेवायला सांगत आणि पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढून घेत. अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजत. मग प्रश्न सुरू होत.

‘‘घरात कोण कोण हाये?’’

‘‘चष्म्याबिगर कुठलोक दिसते?’’

‘‘शुगर हाये का? हाताले मुंग्या येतात?’’

‘‘पिता का?’’

एका सुखवस्तू गृहस्थांना हा शेवटचा प्रश्न फार झोंबला. ते म्हणाले, ‘‘काऊन हो उस्ताद, सोयरीक करून राह्यले का माह्यासंग?’’

उस्ताद शांतपणे म्हणाले, ‘‘सोयरीक मोडता येते मालक. सुटलेली गोळी वापस येत नाही. पिता का, ते सांगा.’’

ते पीत होते. पानावर हाताच्या रेषेखाली उस्तादांनी एकच शब्द लिहिला, ‘नको’, आणि वही मिटली. गृहस्थ दुसऱ्या शहरातून हत्यार घेऊन आले असतील, नसतील. मेहकरातून त्यांना मिळाले नाही.

प्रश्नांतून जो पार पडे त्याची परीक्षा पुंगळीची. पुंगळी म्हणजे झाडलेल्या काडतुसाचे रिकामे पितळी टरफल. उस्ताद हत्यार उघडून ते रिकामे असल्याचे स्वतः पाहत, मग गिऱ्हाइकाला दाखवत, मग पुन्हा स्वतः पाहत. हत्यार वाळूच्या पेटीकडे रोखून धरायला लावत आणि नळीच्या टोकाशी, वरच्या बाजूला ती पुंगळी उभी ठेवत. ‘‘आता चाप ओढा.’’ खट् असा आवाज होई. पुंगळी जागची हलली नाही, तर ते हत्यार त्या हाताचे. पडली, तर दुसरे हत्यार काढायचे. प्रत्येक हत्यारावर तीनदा. तिन्ही वेळा उभी राहिली पाहिजे.

ते म्हणत, ‘‘चप्पल घेतानी दुकानात चार पावलं चालून पाहता, अन् हत्यार मात्र शेजाऱ्यानं कोणतं घेतलं ते पाहून घेता. काऊन बे?’’ हा ‘बे’ ते मोठमोठ्यांनाही लावीत, आणि कोणी रागावत नसे.

आता ‘मर्दाला रिव्हॉल्व्हर आणि बाईला पिस्तूल’ या आरोपाकडे येतो. हा आरोप खरा आहे. प्रल्हादरावांनी तो जसा सांगितला, तसा मात्र तो नाही.

प्रल्हादरावांचा परवाना माझ्याच टेबलावरून गेला. मोठा व्यापार, गावाबाहेर बंगला. त्यांना शस्त्राची गरज नव्हती असे मी म्हणत नाही. ते उस्तादांकडे गेले त्या दिवशी कागदपत्रांच्या पडताळणीसाठी मी दुकानात होतो. त्यांना चपटे, काळेभोर, चकचकीत पिस्तूल हवे होते. जिल्ह्याच्या गावी कोणाच्या तरी कमरेला त्यांनी ते पाहिले होते. आता, पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय पहिली गोळी नळीत चढत नाही, आणि ते ओढायला दुसऱ्या हाताची पकड धड लागते. प्रल्हादरावांचा डावा अंगठा तरुणपणी मळणी यंत्रात चेचला गेला होता. तो पुढे कधी वाकला नाही. त्यांनी तीनदा ओढून पाहिले. तिन्ही वेळा तो भाग अर्ध्यातून सुटून परत गेला.

उस्तादांनी मग रिव्हॉल्व्हर पुढे केले. त्यात तसले काही ओढावे लागत नाही. चक्री उघडा, गोळ्या घाला, बंद करा. चाप जड असतो, पण प्रल्हादरावांचा उजवा पंजा जबरदस्त होता. पुंगळी तिन्ही वेळा खांबासारखी उभी राहिली.

‘‘हे तुमचं,’’ उस्ताद म्हणाले.

‘‘हे? हे त जुन्या पिक्चरमंधल्या फौजदाराजवळ राहते. मले पिस्तूल पायजे.’’

‘‘पिस्तूल तुमच्या खिशाले शोभते. हाताले नाही शोभत.’’

‘‘पैसे मी देऊन राह्यलो उस्ताद!’’

‘‘अन् वेळ आली त हात बी तुमचाच राहीन ना मालक? का हात भाड्यानं आणसान?’’

दुकानात आणखी दोघे बसले होते, ते हसले. मीही हसलो. माझ्या मते खरे वैर त्या हसण्यापासून सुरू झाले. प्रल्हादराव उठून गेले, आणि महिन्याभरात दुसऱ्या शहरातून हवे तसे पिस्तूल घेऊन आले.

त्यानंतर दुसरबीडच्या शोभाबाई आल्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवरा दूरच्या प्रकल्पावर नोकरीला, घर गावापासून दीड मैलावर डाळिंबाच्या बागेत, आणि घरात अर्धांगाने खाटेवर पडलेले सासरे. शेजारच्या वस्तीवर भरदिवसा घरफोडी झाली तेव्हा या बाईने परवान्यासाठी अर्ज केला. त्यांचा परवाना सिंदखेडराजा तहसिलीतून झाला, पण त्याआधी माहिती विचारायला त्या माझ्या टेबलाशी आल्या होत्या, आणि मी हसलो होतो. ‘‘बाई, खडू-फळा सोडून हे काय?’’ असे मी म्हणालो. इतरांच्या चुका मोजायला बसलो आहे, तेव्हा माझी आधी लिहून ठेवतो.

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी हात कागदावर ठेवायला सांगितला. मोठा हात, लांब बोटे. आधी रिव्हॉल्व्हर दिले. त्याचा जड चाप ओढताना बाईंचे मनगट खाली झुके आणि पुंगळी पडे. तीनही वेळा पडली. बाईंचा चेहरा उतरला.

‘‘मला जमायचं नाही, काका.’’

‘‘तुम्हाले जमत नाही असं नाही बाई. याले तुमच्यासंग जमत नाही. दुसरं पाहू.’’

पिस्तुलाचा चाप हलका. वरचा भाग मात्र बाईंना ओढवेना. तेव्हा उस्तादांनी त्यांना युक्ती दाखवली: तो भाग ओढायचा नाही, तो छातीजवळ घट्ट धरून ठेवायचा आणि मूठ पुढे ढकलायची. ‘‘जातं ओढतानी नुसत्या बोटायनं ओढता का? सारं अंग लावता ना?’’ चौथ्या खेपेला जमले. पुंगळी तिन्ही वेळा उभी राहिली. वहीत त्या हाताखाली त्यांनी लिहिले, ‘पिस्तूल. सराव महिन्यातून दोनदा.’ बाईंनी तो सराव वर्षभर चुकवला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुसरबीडहून एसटीने येत, रिकाम्या हत्यारावर पुंगळी ठेवून तासभर चाप ओढत, आणि उस्ताद खुर्चीत लवंग चघळत पाहत बसत.

पुढच्या उन्हाळ्यात दुपारी तीन माणसे त्या बागेतल्या घराशी आली. पाणी मागितले, मग दाराला हात घातला. बाईंनी दार लावून घेतले, सासऱ्यांच्या खाटेपुढे भिंतीच्या आडोशाला उभ्या राहिल्या आणि आतून मोठ्याने सांगितले की पोलिसांना फोन झाला आहे, हातात परवान्याचे पिस्तूल आहे आणि दार फुटले तर ते चालेल. वर्गावर पोरे गप्प करणारा तो आवाज. माणसे निघून गेली. एक गोळी उडाली नाही.

शनिवारी त्या हे सांगायला आल्या तेव्हा मी तिथे होतो. मला वाटले, उस्ताद शाबासकी देतील. त्यांनी विचारले, ‘‘बोट कुठी होतं?’’

‘‘बाहेर होतं काका. चापावर नव्हतं.’’

‘‘सासऱ्याची खाट?’’

‘‘माझ्या मागं.’’

‘‘हाव. मंग झालं,’’ म्हणून त्यांनी चहा सांगितला.

ही बातमी डोणगावपर्यंत गेली. आपल्याला नाकारलेले पिस्तूल एका मास्तरीणबाईने पेलले, हे प्रल्हादरावांना सहन झाले नाही. ‘बाईले पिस्तूल देऊन बसे’ हे वाक्य तेव्हापासून चालत आले आहे.

आता मला एक गोष्ट सांगावी लागणार आहे, जी उस्तादांनी मला सांगू नका म्हटले होते.

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते. सुज्ञ माणसे फूल वाहतात. बाकीचे हळद, कुंकू, अक्षता आणि वर खोबरेल तेलाची धार सोडतात. दसऱ्यानंतर आठवडाभर उस्तादांच्या टेबलावर चिकट झालेल्या हत्यारांची रांग लागे. ते दातकोरणीने घोड्यामागून तांदळाचा एकेक दाणा काढीत आणि म्हणत, ‘‘देवीले नैवेद्य दाखवा, पण तिच्या नरड्यात कोंबू नका बे.’’

त्या वर्षी दसऱ्यापाठोपाठ निवडणूक आली. निवडणुकीत परवानाधारकांना आपापली हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. ठाण्याच्या आवारात रांग होती. यादी घेऊन मी बसलो होतो आणि हत्यारे तपासायला ठाणेदारांनी उस्तादांना बोलावले होते. प्रल्हादराव आले. कडक इस्त्री, कमरेला पिस्तूल. त्यांनी मुठीतले गोळ्यांचे मॅगझिन काढून टेबलावर ठेवले, पिस्तूल हातात खेळवत ‘‘खाली हाये, खाली हाये’’ म्हणाले, आणि रांगेतल्या मित्राकडे वळले. नळी त्या माणसाच्या पोटाकडे होती. बोट चापावर.

उस्ताद कधी उठले ते मला दिसले नाही. त्यांनी प्रल्हादरावांचे मनगट धरून जमिनीकडे वळवले, पिस्तूल काढून घेतले, पाठ फिरवली आणि वरचा भाग ओढला. तो तेल-कुंकवाने असा चिकटला होता की त्यांनाही जोर लावावा लागला. आतून एक जिवंत काडतूस बाहेर पडले. मॅगझिन काढले की हत्यार रिकामे झाले, असा प्रल्हादरावांचा समज. दुसऱ्या कोणाकडून वरचा भाग ओढून घेऊन नळीत चढवलेली गोळी तिथेच राहते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, कारण जो शिकवत होता त्याच्याकडून ते उठून गेले होते.

रांगेतल्या कोणाच्या हे ध्यानात आले नाही. उस्ताद हसत मोठ्याने म्हणाले, ‘‘मालकायच्या पिस्तुलात अक्षता निघाली,’’ आणि काडतूस मुठीत दडवून माझ्या टेबलावर, इतर जमा काडतुसांत ठेवले. संध्याकाळी मला म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, बोलू नका कुठी. गावात हासू होईन अन् मंग तो इरेले पेटून शिकायचा राहून जाईन.’’

प्रल्हादराव तरीही शिकायला आले नाहीत. मी मात्र इतकी वर्षे बोललो नाही. तसबिरीला हार घालून तिच्याशेजारी असे बोलले जात असेल, तर माझे मौन संपले असे मी समजतो. ज्या मित्राच्या पोटाकडे ती नळी होती तो शोकसभेत पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता.

उरले शेवटचे वाक्य: पोलिसांनी त्यांचे हत्यार काढून घेतले.

प्रल्हादरावांनी काय पाहिले ते मला माहीत आहे, कारण त्या वेळी ते ठाण्यासमोरून जीपने गेले आणि मी त्यांना पाहिले. त्यांना दिसले ते एवढेच की एक हवालदार उस्तादांचे रिव्हॉल्व्हर आत घेऊन चालला आहे आणि उस्ताद बाहेर हत्याराविना उभे आहेत. त्याआधी त्या सकाळी काय झाले, ते पाहायला ते माझ्या ओसरीवर नव्हते.

दुकान त्यांनी वर्षभरापूर्वीच बंद केले होते. घरात स्वतःच्या संरक्षणाचे तेवढे एक रिव्हॉल्व्हर होते. सकाळी नऊच्या सुमारास ते आले, कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, साक्षीले बसा.’’ पिशवीतून वही काढली, रिव्हॉल्व्हर काढले. चक्री उघडून स्वतः पाहिली, मला दाखवली, पुन्हा स्वतः पाहिली. ओसरीच्या कडेला रचलेल्या मातीच्या ढिगाकडे हत्यार रोखले. ‘‘पुंगळी ठेवा.’’

ठेवताना मला जाणवले की नळी बारीक हलते आहे. त्यांनी चाप ओढला. पुंगळी फरशीवर पडून घरंगळत माझ्या पायाशी आली. मी ती उचलून पुन्हा ठेवली. दुसऱ्यांदा तर चाप ओढण्याआधीच पडली. तिसऱ्यांदा मी ठेवायला नकार दिला.

‘‘राहू द्या उस्ताद. थंडीचे दिवस आहेत, हात गारठतो. कोणाला कळणार आहे?’’

‘‘पुंगळीले कळलं ना. ठेवा.’’

मी ठेवली.

मग त्यांनी आपला उजवा हात वहीच्या कोऱ्या पानावर ठेवला, डाव्या हाताने रेषा काढू लागले आणि ती वेडीवाकडी जाऊ लागली तेव्हा पेन्सिल माझ्याकडे दिली. मी ती पुरी केली. चाळीस वर्षांत त्यांचा हात मी पहिल्यांदाच इतका जवळून पाहत होतो. तर्जनी इतर बोटांपासून दूर, सरळ ताठ. कागदावरही ती वाकली नाही. रेषेखाली त्यांनी लिहिले, ‘नको’.

‘‘परवाना मी सांभाळतो, हत्यार कपाटात राहू द्या,’’ मी अखेरचा प्रयत्न केला. ‘‘उस्तादांकडे हत्यार नाही हे गावाला कळलं, तर काय म्हणतील?’’

‘‘म्हणतीन. कितीकाले मी या वहीत नको लिवलं. त्यायच्या घरी मी काय म्हणू, का माह्याच पानावर खोटं लिवलं?’’

अर्ज लिहायला त्यांचा हात चालत नव्हता. त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, योग्य मार्गाने. नमुना मला पाठ होता. दोघे चालतच ठाण्यात गेलो. ठाणेदारांनी खुर्ची दिली, दोनदा म्हणाले, ‘‘काका, विचार करा.’’ उस्तादांनी पावती घेतली आणि ते बाहेर येऊन उभे राहिले; मागे हवालदार रिव्हॉल्व्हर आत ठेवायला नेत होता. रस्त्याने जीप गेली, जीपमधल्या माणसाने मान वळवून पाहिले. उस्तादांनी वही असलेली पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि घराच्या दिशेने निघाले. मागून मला दिसत होते: चार बोटांनी पिशवीचा बंद धरलेला, हात थरथरतो आहे, आणि पाचवे बोट पिशवीच्या कडेने सरळ. यानंतर मी त्यांना चालताना पाहिले नाही.

प्रल्हादरावांना आणि माना डोलावणाऱ्या सर्वांना एवढेच सांगणे आहे. तो अर्ज कचेरीच्या दप्तरात आहे आणि त्याची पोचपावतीसह प्रत माझ्याजवळ आहे. ज्याला हवी त्याने माझ्या ओसरीवर येऊन पाहावी. अक्षर माझे आहे, सही त्यांची, थरथरती पण पुरी. शस्त्र जमा करण्याच्या कारणापुढे एकच ओळ आहे: ‘पुंगळी तीनदा पडली.’